मागे घेतलेली केस

डिलाईल रोडच्या मागच्या गल्लीत, औद्योगिक वसाहतीच्या दुसऱ्या मजल्यावर, ‘मोरपीस’ छापाच्या चेन बनायच्या. दप्तराच्या, पर्सच्या, पँटच्या. गणपत घाडी तिथला सगळ्यात जुना माणूस. मशीन बिघडलं की गणपत, दोघांत भांडण झालं की गणपत, कोणाच्या घरी मयत झालं की धावाधाव करायलाही गणपतच. धनेश पालव त्याच्या हाताखाली तयार झाला. कापडी पट्टीवर पितळेचे दात बसवायच्या मशीनपुढे गणपतनेच त्याला पहिल्यांदा उभं केलं. पुढे धनेशचं लग्न ठरवायची वेळ आली तेव्हा त्याचे वडील नव्हते. अक्षदाच्या माहेरी कणकवलीला बोलणी करायला गणपतच गेला आणि “झील माझोच समजा” असं सांगून आला.

मालक मनमोहन विजयकर, राहायला शिवाजी पार्कला. जुन्या घरंदाज कुटुंबातले. दसऱ्याला मशीनची पूजा स्वतः करायचे आणि कामगारांच्या पोरांची नावं लक्षात ठेवायचे. पुढे गुडघे गेले, जिने चढवेनात, तेव्हा कारभार त्यांच्या मुलाकडे, राजसकडे आला. राजस कधी कोणावर ओरडला नाही. कोणाला अपशब्द वापरला नाही. पुढे जे झालं त्यात हेच सगळ्यांना जास्त लागलं, की शिवी घालावी असं त्याच्या वागण्यात काही सापडायचं नाही.

चीनचा माल आधी मशीद बंदरच्या व्यापाऱ्यांकडे दिसायला लागला. तयार चेनचे मोठाले रोल, पाहिजे त्या रंगात, आणि भाव असा की मोरपीसला नुसती पितळेची तार त्या भावात पडायची नाही. धारावीतले दप्तरवाले एकेक करून तिकडे वळले. विजयकरांनी वर्षभर तग धरला. मग एक दिवस तेच रोल टेम्पोतून कारखान्यात उतरले. खोक्यांवर चिनी अक्षरं, आणि शेजारी मोरपीसच्या लेबलांचा गठ्ठा. चेनला रनर, म्हणजे ओढायची कडी, घालायच्या टेबलावर बसणाऱ्या प्रितीला राजसने सांगितलं, “आजपासून ह्या चेनला आपलं लेबल लावायचं.” तिने लावलं. आतल्या खोलीतली मशिनं मग एकामागून एक थंड झाली.

सगळं बंद व्हायच्या आधी राजसने सगळ्यांना एकत्र बोलावलं.

“हे बघा, कंपनी बंद होत नाहीये. फक्त प्रॉडक्शन बंद होतंय. तुम्ही राजीनामे दिलेत तर हिशेब ताबडतोब होईल. कोणाचा एक पैसा बुडणार नाही.”

गणपत म्हणाला, “साहेब, कामावरून तुम्ही काढताय. मग राजीनामा आम्ही कशाला द्यायचा?”

“शब्दांवर काय आहे, गणपत?”

“शब्दावरच असतं साहेब. राजीनामा दिला म्हणजे मी माझ्या मर्जीने गेलो.”

बऱ्याच जणांनी सह्या केल्या आणि हिशेब घेऊन गेले. चौदा जणांनी केल्या नाहीत. त्यांत गणपत, धनेश, प्रिती आणि पॅकिंगवरचा हितेंद्र होता. युनियनचा एक वकील लालबागला बसायचा. गणपत त्याच्याकडे गेला आणि चौदा जणांची मिळून एक केस कामगार न्यायालयात उभी राहिली. कारखाना बेकायदा बंद केला, नुकसानभरपाई द्या, असं तिचं म्हणणं.

केस चालली, म्हणजे तारखा पडत राहिल्या. कधी मालकाचा वकील आजारी, कधी न्यायाधीशांची बदली. दरम्यान प्रत्येकाने काही ना काही धरलं. हितेंद्र मोटरसायकलवरून पार्सलं पोचवायला लागला. प्रितीचा नवरा दोन मुलं टाकून निघून गेलेला, ती ब्लाऊज शिवायची. धनेशची बायको अक्षदा डबे करायला लागली आणि धनेश ते पोचवायला. लोअर परळच्या टॉवरमधली मुलं डबा घेताना “थँक्यू अंकल” म्हणायची. धनेशला त्यात वाईट वाटण्यासारखं काही नव्हतं, तरी वाटायचं.

सरकारी योजनेची बातमी हितेंद्रने आणली. परदेशी मालामुळे ज्यांचं काम गेलं अशा छोट्या कारखान्यांतल्या कामगारांना सरकार मदत देणार होतं. तिचं केंद्र परळला एका जुन्या इमारतीत उघडलं होतं. चौदाही जण गेले. तिथला अधिकारी राजेश तांबे तरुण होता, नीट बोलणारा. त्याने शेजारच्या खोलीतून खुर्च्या मागवल्या, सगळे बसल्यावर मगच बोलायला लागला.

“महिन्याला भत्ता, तीन महिन्यांचं प्रशिक्षण आणि त्यानंतर नोकरी. नोकरी देणाऱ्यालाही सरकार थोडा हातभार लावतं, त्यामुळे नोकऱ्या मिळतात. तुमच्यासारख्यांसाठीच आहे हे.”

प्रितीने विचारलं, “आम्हाला काय करावं लागेल, सर?”

“दोन गोष्टी. परदेशी मालामुळे उत्पादन बंद केलं, असं मालकाचं लेखी पाहिजे. आणि मालकावर केस चालू असेल तर ती मागे घ्यावी लागेल.”

“ती का?” गणपत म्हणाला.

“काम कशामुळे गेलं हाच कोर्टातला वाद आहे ना, काका? तो चालू असताना आम्ही कसं ठरवणार?”

“आणि आमच्यातल्या एकाने नाही घेतली मागे, तर?”

राजेश तांबेने कागद चाळले. “केस एकच आहे तुमची. मग सगळ्यांचंच अडकेल.”

खाली आल्यावर गणपत रस्त्यावर थुंकला, जे तो एरवी करायचा नाही. “म्हणजे भात पाहिजे तर आधी हात कापून द्या,” एवढंच म्हणाला आणि लालबागच्या दिशेने चालायला लागला.

त्या दिवशी घरी धनेशने आईला, मीराबाईला, सगळं सांगितलं. मीराबाई आता फारशी उठत नसे. खाटेवर बसून खिडकीतून समोरच्या चाळीकडे बघत राहायची. नवऱ्याची गिरणी बंद पडली तेव्हा तिने असल्या पुष्कळ योजना ऐकल्या होत्या. सगळं ऐकून घेऊन ती म्हणाली, “झिला, देणारो कित्याक देता, ता आधी इचार.”

“आई, सरकार देतंय. सरकारला काय मिळणार आपल्याकडून?”

तिने पुन्हा खिडकीकडे तोंड वळवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धनेश शिवाजी पार्कला गेला. मनमोहन विजयकर फिरायला म्हणून यायचे आणि गुडघ्यांमुळे कट्ट्यावरच बसून राहायचे, हे त्याला माहीत होतं. ते काठी दोन्ही पायांत धरून बसले होते. मैदानात मुलांचा नेटमधला सराव चालला होता. धनेशला त्यांनी लगेच ओळखलं.

“धनेश ना तू? ये, बस. आई कशी आहे?”

धनेश बसला नाही. उभ्यानेच त्याने योजना सांगितली आणि मालकाच्या पत्राचं सांगितलं.

“मग त्यात काय अवघड आहे?” मनमोहन म्हणाले. “चिनी मालाने आपला कारखाना खाल्ला हे तर सूर्यप्रकाशाइतकं स्वच्छ आहे. लिहून द्यायला लाज कसली? मी बोलतो राजसशी.”

“फार उपकार होतील, साहेब.”

“उपकार कसले. तुम्ही माझीच माणसं.” मग जरा थांबून म्हणाले, “आणि ती केस मिटली तर मलाही बरं वाटेल रे. कोर्टाचा कागद घरी आला तेव्हा राजसची आई, सुमती, रडली. म्हणाली, आपण कोणाचं काय वाईट केलं होतं? मला तिला उत्तर देता आलं नाही.”

धनेशला त्या क्षणी त्यांची दया आली. ही गोष्ट त्याला पुढे कितीतरी दिवस टोचत राहिली, की आपल्याला त्यांची दया आली होती.

पत्राला वेळ लागेल असं सगळ्यांना वाटत होतं. पण आठवड्याच्या आत राजसचाच फोन आला. पत्र तयार आहे, केस मागे घेतल्याचा कागद दाखवा आणि घेऊन जा. धनेशला आनंद झाला. गणपतला झाला नाही.

“एवढ्या लगेच?” तो म्हणाला. “वर्षभर कोर्टात नुसत्या तारखा घेतल्या ह्या माणसाने.”

“मोठ्या साहेबांनी सांगितलं ना त्याला.”

“मोठ्या साहेबांनी सांगितलं म्हणून मशिनं चालू ठेवली नाहीत त्याने.”

तेरा जण तयार होते. अडून बसला होता एकटा गणपत. धनेश रोज त्याच्याकडे जायचा आणि हात हलवत परत यायचा. शेवटी एका रविवारी तो सगळ्यांना घेऊनच लालबागला गणपतच्या खोलीवर गेला. खोली लहान, अर्धे लोक बाहेर गॅलरीत उभे. गणपतची बायको आनंदीबाई सगळ्यांना चहा देत होती आणि नवऱ्याच्या तोंडाकडे बघत होती.

“दादा,” धनेश म्हणाला, “केस अजून पाच वर्षं चालेल, दहा वर्षं चालेल. जिंकलो तरी तो वर अपील करील. तोवर आपण काय खायचं?”

“मी कुठे म्हणतो उपाशी राहा? कामं करतोयच आपण. केस राहू दे तिच्या जागी.”

“पण ती असेपर्यंत मदत नाही.”

“मग एवढी काय गरज आहे ती मागे घ्यायला लावायची? कोणाला टोचतेय ती?”

तेव्हा प्रिती पुढे आली. ती रडत नव्हती, पण आवाज बसला होता.

“काका, माझ्या मोठ्याच्या शाळेतून फीसाठी तीनदा बोलावणं आलंय. मी जात नाही. काय सांगू तिथे जाऊन? मला नाही माहीत कोण बरोबर आहे. मला नोकरी पाहिजे.”

धनेश म्हणाला, “दादा, माझी जबाबदारी. काही वाकडं झालं तर माझी मान पकड.”

“तुझी मान पकडून काय मिळणार रे मला,” गणपत म्हणाला. मग आनंदीबाईला त्याने चष्मा मागितला. “सही करतो. ह्या पोरीसाठी करतो, तुझ्या सरकारसाठी नाही.”

कोर्टात केस मागे घ्यायला फारसा वेळ लागला नाही. बाहेर वकिलाने फाईल बांधली. पुढच्या खेपेला राजसची उलटतपासणी होती, तो म्हणाला. कंपनी चालू आहे की बंद, हे त्याला शपथेवर सांगावं लागलं असतं. बहुतेक तो त्याआधीच तडजोडीला आला असता. “पण तुमचाही इलाज नव्हता म्हणा,” असं म्हणून तो पुढच्या अशिलाकडे गेला. गणपतने ऐकलं आणि धनेशकडे पाहिलंसुद्धा नाही.

प्रशिक्षण परळच्या एका शाळेच्या हॉलमध्ये होतं. विषय होता गोदामाचं काम आणि पॅकिंग. शिकवणारा मुलगा पंचविशीचा, कोट घालून यायचा आणि घामाघूम व्हायचा. खोकं कसं बंद करायचं, चिकटपट्टी कशी ओढायची, ग्राहकाशी हसून कसं बोलायचं हे त्याने शिकवलं. हितेंद्रने बारा वर्षं पॅकिंगच केलं होतं. तो मागच्या बाकावर बसून मोबाईल बघायचा. एकदा त्या मुलाने प्रत्येकाला उभं करून विचारलं, पाच वर्षांनंतर तुम्ही स्वतःला कुठे पाहता? गणपतची पाळी आली.

“घरी,” गणपत म्हणाला.

सगळे हसले. त्या मुलाने टाळ्या वाजवल्या आणि सगळ्यांनाही वाजवायला लावल्या. गणपत खाली बसला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. धनेश शेजारीच होता. त्याला म्हणावंसं वाटलं, अजून थोडेच दिवस, दादा.

शेवटच्या दिवशी प्रमाणपत्रं वाटायची होती. पुढच्या रांगेत पाहुण्यांच्या खुर्च्या होत्या. त्यातल्या एका खुर्चीवर राजस विजयकर बसलेला. धनेशला वाटलं, पत्र दिलं म्हणून बोलावलं असेल. राजेश तांबे उठला आणि आनंदाने बोलायला लागला. म्हणाला, आपल्या केंद्रासाठी आज विशेष दिवस आहे. ज्या मालकाला नाइलाजाने उत्पादन बंद करावं लागलं, तोच आपल्या जुन्या कामगारांना पुन्हा सामावून घेतोय. शिवडीला मोरपीसचं नवं गोदाम सुरू होतंय. चौदाही जणांना तिथे नोकरी. वर्षभर त्यांचा निम्मा पगार सरकार भरणार.

हॉलमध्ये आधी कोणाला काही कळलं नाही. मग प्रितीने हात जोडले. कोणीतरी टाळी वाजवली.

गणपत जागेवरून उठला. “साहेब, हे कधी ठरलं?”

“तसं पहिल्यापासूनच होतं, काका,” राजेश तांबे म्हणाला. त्याला त्यात लपवण्यासारखं काही वाटत नव्हतं. “विजयकर साहेबांनी तुमचं पत्र दिलं, त्याच दिवशी त्यांनी नोकरी देणारे म्हणूनही अर्ज केला होता.”

“गोदामात काय असणार?”

राजसच बोलला. अगदी शांतपणे. “तेच, गणपत. चेन. बाहेरून आलेली. आपलं लेबल लावायचं, पॅक करायची. तुम्हाला सवयीचंच काम आहे.”

गणपतने प्रमाणपत्र घेतलं नाही. तो हॉलच्या बाहेर गेला. धनेश मागे धावला आणि शाळेच्या फाटकाजवळ त्याने त्याला गाठलं.

“दादा, थांब.”

“तुला माहीत होतं?”

“आईशप्पथ नव्हतं.”

गणपतने त्याच्याकडे नीट बघितलं. “मग तू मूर्ख. माहीत असतं तर निदान हुशार तरी म्हटलं असतं तुला.”

“दादा, नोकरी तर मिळतेय ना सगळ्यांना. कशीही मिळाली तरी...”

“केस त्याला टोचत होती, धनेश. ती तू काढून दिलीस, माझ्या हाताने. वर आता अर्ध्या पगारात आपण त्याला मिळालो. अर्धा सरकारचा. म्हणजे आपण भरलेल्या पैशातला.” तो दमल्यासारखा थांबला. “तू जा. मी नाही येणार.”

नोकरी नाकारली म्हणून त्याचा भत्ता त्याच महिन्यापासून थांबला.

धनेश पुन्हा एकदा शिवाजी पार्कला गेला. ह्या वेळी तो भांडायचं ठरवून गेला होता. रात्रभर त्याने वाक्यं जुळवली होती. मनमोहन त्याच कट्ट्यावर होते, तोंडभर हसले.

“काय रे, लावलं ना सगळ्यांना कामाला राजसने? मला घरी येऊन सांगितलं त्याने. मी म्हटलं, शाब्बास. माणसं तोडायची नसतात.”

“साहेब, निम्मा पगार सरकार देणार आहे.”

“हो हो. त्या बाबतीत हुशार आहे तो. मला नसतं सुचलं.”

त्यांच्या बोलण्यात नुसतं कौतुक होतं. धनेशने जुळवलेली वाक्यं कुठेच बसेनात. ह्या म्हाताऱ्याला खरोखरच काही कळलं नव्हतं, किंवा कळून घ्यायचं नव्हतं, आणि दोन्हींतला फरक धनेशला काढता येईना. आईला नमस्कार सांग, असं त्यांनी सांगितलं. तो बरं म्हणाला आणि निघाला.

अक्षदाने त्याला घरी विचारलं, “शिवडीला नाही जाणार तर काय करणार?”

“डबे आहेतच की.”

“डब्यांवर आपल्या पोरीचं, श्रेयाचं, कॉलेज होणार आहे का? दादांच्या दोन्ही मुली लग्न होऊन गेल्या. त्यांना ताठ राहणं परवडतं. तुम्हाला नाही परवडत.” मग आवाज खाली आणून ती म्हणाली, “मला काय बरं वाटतंय का हे बोलताना?”

धनेश शिवडीला रुजू झाला. सगळेच झाले, गणपत सोडून. राजसने धनेशला सुपरवायझर केलं. म्हणाला, तू पुढाकार घेतलास म्हणून हे जुळून आलं. ते त्याने सगळ्यांसमोर सांगितलं, आणि त्यानंतर हितेंद्र धनेशशी कामापुरतं बोलायला लागला. काम कठीण नव्हतं. चिनी खोकी फोडायची, मोठे रोल उलगडून छोटे करायचे, मोरपीसचं लेबल लावायचं, पुन्हा खोक्यात भरायचं. पहिल्या आठवड्यात धनेशला हात रिकामे वाटायचे. मग सवय झाली.

पावसाळ्यानंतर योजनेची जाहिरात करणारे लोक कॅमेरा घेऊन गोदामात आले. त्यांना एका कामगाराचं मनोगत हवं होतं. राजसने धनेशला पुढे केलं. ‘माझं काम गेलं होतं, पण सरकारने हात दिला आणि मालकाने साथ दिली,’ असं म्हणायचं होतं. धनेशने म्हटलं. आवाज बारीक आला म्हणून त्यांनी पुन्हा म्हणायला लावलं. तिसऱ्यांदा त्याला जरा हसायलाही सांगितलं. ती फिल्म चाळीतल्या प्रत्येकाच्या मोबाईलवर आली. श्रेयाच्या कॉलेजातल्या मुलींनीही बघितली. श्रेयाने घरी त्याचा विषय काढला नाही.

गणपतच्या घरी दीड दिवसाचा गणपती असायचा. लग्न झाल्यापासून धनेश आणि अक्षदा दरवर्षी दर्शनाला जायचे. त्या वर्षी गणपती आधीच होऊन गेले होते आणि ते गेले नव्हते. आता दिवाळीला धनेश फराळाचा डबा घेऊन एकटाच गेला. आनंदीबाईने दार अर्धं उघडलं.

“ते बाहेर गेलेत,” ती म्हणाली.

दाराजवळ गणपतच्या चपला होत्या. आत कोणीतरी खोकलं. आनंदीबाईने खाली बघितलं आणि डबा घेतला. दुसऱ्या दिवशी तिच्या भाचीने तो रिकामा करून, धुऊन धनेशच्या घरी आणून दिला. रिकामा डबा परत पाठवायची रीत त्या घरात नव्हती. अक्षदाने तो उघडून बघितला आणि फळीवर ठेवून दिला.

वर्ष संपलं. सरकारचा निम्मा पगार यायचा थांबला. राजसने सगळ्यांना बोलावलं आणि नेहमीसारखंच शांतपणे सांगितलं की शिवडीचं भाडं परवडत नाही, गोदाम भिवंडीला हलतंय, तिथे कंत्राटदार माणसं पुरवतो. ह्या वेळी राजीनाम्याची गरजच नव्हती. सगळ्यांची नेमणूक वर्षभराचीच होती. ते तेव्हा कोणी वाचलं नव्हतं, आणि वाचलं असतं तरी सही केलीच असती.

धनेश, प्रिती आणि हितेंद्र परळच्या केंद्रावर गेले. राजेश तांबेची बदली झाली होती. त्याच्या जागी एक बाई होत्या. त्यांनी संगणकावर नावं बघितली.

“तुमचं पुनर्वसन झालेलं आहे,” त्या म्हणाल्या.

“मॅडम, ते काम गेलं आता,” धनेश म्हणाला.

“असेल. पण योजनेचा लाभ एकदाच. आणि दुसरं म्हणजे, ह्या वेळी तुमचं काम परदेशी मालामुळे गेलेलं नाही. तुम्ही परदेशी मालाचंच काम करत होतात.”

त्या चिडून बोलत नव्हत्या. नियम सांगत होत्या, आणि नियमात चूक काढता येत नव्हती. जिना उतरताना प्रिती म्हणाली, “केस असती तर...” आणि मग धनेशकडे बघून गप्प झाली. तिने वाक्य पूर्ण केलं असतं तर बरं झालं असतं, असं धनेशला वाटलं. लालबागच्या वकिलाकडेही तो जाऊन आला. आपण होऊन मागे घेतलेली केस आता पुन्हा उभी राहणं कठीण, त्याने सांगितलं.

गणपत त्या वर्षभरात शिलाई मशिनं दुरुस्त करायला लागला होता. खांद्याला हत्यारांची पिशवी लावून लालबाग-परळच्या टेलरांकडे फिरायचा. धनेशने त्याला चिवडा गल्लीजवळच्या एका टेलरच्या दुकानात गाठलं. गणपत जमिनीवर बसून मशीनच्या खालच्या बाजूला हात घालून काहीतरी काढत होता. धनेश बाजूला उभा राहिला. गणपतने वर बघितलं आणि पुन्हा काम सुरू केलं.

“काम गेलं आमचं,” धनेश म्हणाला.

“कळलं.”

“तुझं बरोबर होतं, दादा.”

“बरोबर असून काय झालं? सही तर मी पण केली.” त्याने एक स्क्रू काढून झाकणात ठेवला. “माफी मागायला आलास की काम?”

धनेशला खोटं बोलवेना. “दोन्ही.”

गणपतने मशीन सरळ केलं, चाक फिरवून बघितलं, हात पुसले. टेलरशी दोन शब्द बोलला. मग म्हणाला, “माफीचं नाही जमणार मला. कामाचं बघतो.”

वरळी कोळीवाड्याच्या तोंडाशी एक शेड आहे. तिथे होड्यांसाठी आणि मांडवांसाठी ताडपत्र्या शिवतात. गणपतच्या सांगण्यावरून तिथल्या मालकाने धनेशला रोजावर ठेवला. जड काम, दिवसभर वाकून ताडपत्री मशीनखालून ओढायची. संध्याकाळी पाठ धरते. प्रिती आता एका टॉवरमध्ये साफसफाईला जाते. हितेंद्र पुन्हा पार्सलं पोचवतो.

शेडमधली मशिनं बिघडली की गणपत येतो. सगळ्यांशी बोलतो, चहा घेतो. धनेशशीही बोलतो, पण मशीनबद्दल. दोरा तुटतो का, पट्टा सरकतो का. श्रेया बारावी झाली तेव्हा अक्षदा पेढे घेऊन लालबागला गेली. आनंदीबाईने तिला बसवून घेतलं, चहा केला. गणपत घरीच होता. त्याने पेढा घेतला, पोरीचे गुण विचारले, पुढे काय शिकणार विचारलं. अक्षदा अर्धा तास बसली. निघताना तिला वाटलं, आता तरी तो धनेशचं काही विचारील. त्याने तिला जिन्यापर्यंत सोडलं आणि लाईट लावून दिला, कारण जिना अंधारा होता.

घरी आल्यावर धनेशने विचारलं, “काय म्हणाला?”

“श्रेयाला शाब्बास सांग म्हणाले.”

“आणि?”

अक्षदा पदराने तोंड पुसत आत गेली. “आणि काही नाही,” ती आतून म्हणाली. “हातपाय धुऊन घ्या, ताट वाढते.”